सदुसष्टावी जागा

शेपटीचे तीस केस, मुळासकट.
मूळ तुटलं की तो नुसता केस,
प्रयोगशाळेला त्यात वाचायला काही नाही.
सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात
मी पाकिटांवर पेन्सिलीनं लिहीत जाते
गाव, वय, रंग (कोसा, काजळी, गव्हाळ)
आणि मालकाचं नाव, जे इथं प्रत्येक जण
गाईच्या नावानंतर सांगतो.

"दूध बघताय व्हय? मग चुकलात, बाई.
खिलारीचं दूध वासराच्या तोंडातच संपतंय.
आमच्या वाट्याला येतो तिचा पोरगा, नांगराला."
हे रेवाप्पा म्हेत्रे, हुलजंतीचे.
मी म्हटलं, पोराचेही केस हवेत.
हसू शेजारच्या दावणीपर्यंत गेलं.

पण खोटं नव्हतं ते.
ज्यानं जन्मात एक थेंब दिला नाही
त्या बैलाच्याही अंगात दुधाचा अख्खा मजकूर असतो,
न फोडलेल्या टपालासारखा,
लेकीच्या पत्त्यावर.

माझे नान्ना सोलापुरात, पूर्व भागात,
चादरीच्या मागासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
भोक असेल तर दोरा वर. नसेल तर खाली.
एकदा एक भोक सरकलं
आणि चारशे चादरींवरचे मोर
चोच मिटून बाहेर पडले.
गिऱ्हाइकाला कळलंही नाही.
नान्ना महिनाभर जेवताना बोटं मोजत होते.

केसीनच्या या साखळीत दोनशे नऊ जागा.
सदुसष्टाव्या जागी प्रोलीन,
नाहीतर हिस्टिडीन.
बस, एवढंच. तेवढ्यासाठी मी
एसटीनं, जीपनं, कुणाच्या तरी फटफटीवर
चार तालुके हिंडले.

नकाशा भरत गेला तसं दिसलं:
भीमेनं काही वेगळं केलेलं नाही,
दोन्ही काठांना एकच रंग.
माळावर, जिथं अजून मोट नि मेंढ्यांच्या गोष्टी निघतात,
तिथं प्रोलीन, प्रोलीन, प्रोलीन.
दुसरं अक्षर डांबरी रस्त्यानं आलेलं,
धूर सोडणाऱ्या थंडगार डब्यातून, नळीत बसून;
दूध संकलन केंद्र मागं पडलं
की ठिपके विरळ होत जातात.

आणि मग पाकीट एकशे सतरा.
हुलजंती. काजळी. नाव हौसा.
एक प्रत इकडची, एक तिकडची.

पत्रानं कळवता आलं असतं.
मी गेले.
रेवाप्पा ऐकून घेताना हौसाच्या वशिंडावरून
हात फिरवत राहिले, जणू तिथं काही लागेल हाताला.
"चार पिढ्या सांगतो मी हिच्या."
थोड्या वेळानं, "पाचवी जतच्या बाजारातली. तिचं ठाऊक नाही."
मग, "आमचा ठिपका खोडा की त्यातनं."
म्हटलं, खोडता येत नाही, मामा,
खोडायला लागले तर नकाशा कशाचा उरेल?
ते काही बोलले नाहीत.
हौसानं माझ्या पिशवीचा बंद चघळायला घेतला.

कल्लव्वा पितळी घेऊन आल्या.
सीमेवरचं घर, आत कन्नड, ओसरीवर मराठी.
"हालु," त्या म्हणाल्या, पुढं करत.
"पालु," माझ्या तोंडून निघालं, आमच्या घरातलं.
"पालु न्हाई. हालु."
"आमच्यात पालु."
त्यांनी माझ्याकडं बघितलं, चिमूटभर साखर टाकली,
आणि रेवाप्पांना म्हणाल्या, बघा, एकच अक्षर.

मी पितळी हातात धरून उभी.
प. ह.
वहीत मी प्रोलीनला प लिहिते,
हिस्टिडीनला ह.

साय ओठाला चिकटली.
दूध गरम होतं, जरा धुराचं,
कुठल्या जागी काय आहे ते जिभेला कळेना.

परतीच्या जीपमध्ये नकाशा मांडीवर उघडला.
हुलजंतीपाशी एक गोल काढला,
अर्धा भरला.
खड्ड्यात पेन्सिल सरकली,
रेघ थोडी जतकडे गेली.
राहू दिली.